चंद्रहासरावांनी घर आवरलं

"घर बघायला येणार आहेत? येऊ देत की! अगं, हेड ऑफिसच्या सात माणसांना मी अख्खं गोडाऊन फिरवून हसत हसत परत पाठवलंय. एका बाईला तीन खोल्या दाखवायच्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

चंद्रहास टिपणीस हे बोलले तेव्हा शनिवारची सकाळ होती, हातात चहा होता आणि अंगात बनियन होतं. बनियनमधला माणूस सकाळी सकाळी मोठं बोलायला लागला, की संध्याकाळपर्यंत घरात काहीतरी घडतंच. हा अनुभव घरोघरी असेल!

"तुम्ही काहीही दाखवायचं नाही," सुलेखाबाई पायात बूट घालता घालता म्हणाल्या. "मोरियामा-सान दोन वाजता येणार आहेत. माझा जपानीचा क्लास एकला सुटतो, मी दीडच्या आत घरी येते. तुम्ही फक्त व्हॅक्युम फिरवा. बाकी कशालाही हात लावू नका."

"कशालाही म्हणजे?"

"कशालाही म्हणजे कशालाही!"

आणि दार ओढून त्या गेल्या.

आता हे घर बघण्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. टिपणीस मंडळी मूळची पुण्याची. चंद्रहासराव एका ट्रेडिंग कंपनीतर्फे सहा वर्षांपूर्वी योकोहामाला आले, ते तिथलेच झाले. एकुलती एक जुई एप्रिलमध्ये कॉलेजसाठी साप्पोरोला गेली आणि घर एकदम गप्प झालं. चंद्रहासरावांना ऑफिस होतं. सुलेखाबाई मात्र अजूनही तीन माणसांची कणीक भिजवायच्या, आणि मग उरलेल्या गोळ्याकडे बघत उभ्या राहायच्या.

एका रविवारी फिरता फिरता दोघं मांजरांच्या एका निवाऱ्यात शिरले. लोक पिल्लांभोवती गर्दी करून "कावाई, कावाई", म्हणजे किती गोड, किती गोड करत होते. कोपऱ्यात एक म्हातारी मांजरी बसली होती. रंग मेतकुटाचा, एक सुळा गायब, वय वर्षं तेरा, नाव किनाको. तिला सांभाळणाऱ्या आजी वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हापासून दोन वर्षं ती तिथे होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. सुलेखाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. दहा मिनिटांनी किनाको उठली, हळूहळू आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. तासभर सुलेखाबाई हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. घरी येताना ट्रेनमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "हिला आपल्याकडे आणू या का हो?"

सहा वर्षांत बायकोनं स्वतःसाठी काही मागितलं, ते हे पहिलंच. "आणू या म्हणजे काय, आणलीच समज!" चंद्रहासराव म्हणाले.

पण जपानात मांजर अशी पिशवीत घालून आणता येत नाही! आधी भलामोठा अर्ज, मग मुलाखत, मग निवाऱ्याची बाई, म्हणजे या मोरियामा-सान, घर तपासणार, आणि घर पसंत पडलं तर मांजरी दोन आठवडे ट्रायलवर येणार. घर नापास झालं, तर पुढचे सहा महिने पुन्हा अर्ज करायचा नाही, असा त्या निवाऱ्याचा नियम होता. तेरा वर्षांच्या मांजरीचे सहा महिने म्हणजे काय, हे कोणी तोंडानं बोलत नव्हतं. दोघांनाही ते कळत होतं.

म्हणून गेले पंधरा दिवस सुलेखाबाई राबत होत्या. चपला काढायच्या जागेपलीकडे त्यांनी तारेच्या जाळ्या एकमेकींना जोडून कमरेच्या वर येईल असं कुंपण उभारलं होतं, त्याला छोटं फाटकही होतं. बाल्कनीच्या खिडकीला नायलॉनची जाळी बांधली होती. जुईच्या खोलीत खोक्याला दार कापून त्याचं घर केलं होतं, आणि त्यात किनाकोचा निवाऱ्यातून आणलेला जुना टॉवेल अंथरला होता.

व्हॅक्युम फिरवून झाला साडेनऊला. दहा वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. चंद्रहासरावांच्या थोरल्या बहिणीचा, जयंतीताईंचा. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा, पण जयंतीताई साडेपाचपासून जगाला शिस्त लावायला बसलेल्या असतात. नात्यातली अकरा लग्नं त्यांनी जमवली आहेत.

"चंदू, तुझ्या मागे ते काय रे? कोंबड्या पाळल्यास?"

"अगं ताई, ते मांजरीसाठी. आज बाई येतेय घर बघायला. पसंत पडलं तर मांजरी देणार."

जयंतीताई सरसावून बसल्या. "घर बघायला? म्हणजे कार्यक्रमच की! आणि तू दारात खुराडं लावून बसलायस?"

"ताई, ते सुलेखानं…"

"सुलेखा भोळी आहे रे! अरे, बघायला येणारं माणूस पहिलं पाऊल कुठे टाकतं? दारात! तिथेच जाळ्या दिसल्या तर काय म्हणेल? घर आहे का कोंडवाडा? आणि ते पलीकडच्या खोलीत खोकं कसलं? त्यात ते फडकं! शी! पाहुणे यायच्या आधी पसारा आवरतात, हे आईनं शिकवलं नाही का आपल्याला?"

"पण ताई, आपण मुलाकडचे की मुलीकडचे?" चंद्रहासरावांनी मूलभूत शंका काढली.

जयंतीताईंनी निकाल दिला. "मांजरी नांदायला तुमच्याकडे येणार, म्हणजे तुम्ही मुलाकडचे. पण बघून पसंत ते करणार, म्हणजे मिजास त्यांची. अशा वेळी दुप्पट तयारी लागते! फुलं आण, उदबत्ती लाव, कांदेपोहे कर. आणि तो बनियन बदल!"

फोन बंद झाला. चंद्रहासरावांनी घराकडे नव्या नजरेनं पाहिलं, आणि त्यांना सगळीकडे पसाराच दिसायला लागला. "बिचारी सुलेखा," ते पुटपुटले. "दमते. आल्यावर घर बघून खूश होईल." इथून पुढे जे जे झालं, ते केवळ प्रेमापोटी झालं, हे लक्षात ठेवायला हवं!

आधी कुंपण. जाळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या होत्या. त्यांनी कात्री घेतली आणि कट्, कट्, कट्, चाळीस पट्ट्या कापल्या. जाळ्या पलंगाखाली गेल्या. मग खोकं. ते त्यांनी सपाट करून, सुतळीनं बांधून कपाटामागे सरकवलं. टॉवेल दोन बोटांत धरून वर उचलला. त्यावर केस होते, आणि वास तर असा, की बाप रे! त्यांनी तो थेट मशीनमध्ये टाकला, साठ डिग्रीवर, लव्हेंडरचं सॉफ्टनर दोन झाकणं ओतून.

धुतलेला टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत जावं, तर मध्ये नायलॉनची जाळी! तीही सुटली.

मग ते स्टेशनजवळच्या फुलवाल्याकडे गेले आणि दुकानातली सगळ्यात भारी फुलं घेतली. पांढऱ्याशुभ्र लिली, ताटाएवढाल्या, अशा घमघमणाऱ्या की लिफ्टमधली शेजारीण दोन मजले आधीच उतरली. येताना कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, कोथिंबीर मिळते का बघितलं. मिळाली नाही. म्हणून ती कसर त्यांनी कांद्यावर भरून काढली. चार कांदे चिरले.

एक वाजता घराचं रूप पालटलं होतं. लिली टेबलावर, सोफ्यावर सुलेखाबाईंची ठेवणीतली पैठणी घडी करून टाकलेली, कढईत पोहे, आणि अंगात रेशमी कुडता. शेवटचा हात म्हणून जुईच्या खोलीत धूप लावला. मांजरीची खोली, तिथे शुभ वातावरण नको का?

वातावरण इतकं शुभ झालं, की छतावरची धूर ओळखणारी डबी जागी झाली. "आग लागली आहे! आग लागली आहे!" डबीतली बाई अतिशय गोड जपानीत सांगू लागली. चंद्रहासराव खुर्चीवर चढले. पेपरनं वारा घातला. बाई थांबेना. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाई थांबेना. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मोरियामा-सान स्टेशनवरच भेटल्या!" सुलेखाबाईंचा आवाज. "लवकर आल्या त्या. आम्ही दोघी निघालोय, आठ मिनिटांत पोचतो. मागे कोण ओरडतंय?"

"टीव्ही!"

"बरं ऐका, त्या सगळ्यात आधी दारातलं कुंपण तपासणार आहेत. तिथूनच सुरुवात करतात म्हणे. मागच्या महिन्यात एकाला कुंपण नाही म्हणून उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. आपलं कुंपण भक्कम आहे, मला काळजी नाही. ठेवते."

चंद्रहासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. उंबरठ्यावरूनच परत!

ते पलंगाखाली आडवे झाले, जाळ्या ओढून बाहेर काढल्या. पण बांधायच्या कशानं? पट्ट्यांचे चाळीसच्या चाळीस तुकडे त्यांनी स्वतःच प्लॅस्टिकच्या कचऱ्यात टाकले होते, तेही नीट वेगळे करून! सुतळी खोकं बांधण्यात संपलेली. शेवटी कपाट उघडलं, आणि सुलेखाबाईंच्या परकरांच्या नाड्या एकामागून एक ओढून काढल्या. सात नाड्या निघाल्या. देवाचं नाव घेत त्यांनी घरात उभं राहून जाळ्यांना गाठीवर गाठी मारल्या. गाठ सुटायला नको, म्हणून वरून पाणीही शिंपडलं. छतावरची बाई एकदाची थकून गप्प झाली. चंद्रहासरावांनी घाम पुसला, स्वागताला म्हणून लिलीचा गुच्छ हातात घेतला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गडबडीत फाटक कुठलं तेच राहिलं. सगळंच बांधून टाकलं होतं!

कुलपात किल्ली फिरली.

दारात सुलेखाबाई, आणि त्यांच्या शेजारी सत्तरीच्या, बुटक्याशा मोरियामा-सान. गळ्यात चष्मा, हातात फाइल. समोर तारेच्या जाळीमागे रेशमी कुडत्यातला घामाघूम गृहस्थ, हातात लिली, जाळीवर लोंबणाऱ्या रंगीबेरंगी नाड्या. सुलेखाबाईंनी नाड्या ओळखल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

"या, या! इराश्शाइमासे!" चंद्रहासराव म्हणाले. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतात ते!

मोरियामा-साननी कुंपण दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. "मजबूत आहे," त्या म्हणाल्या.

"अतिशय!"

"उघडून दाखवा."

"ते… उघडत नाही."

"म्हणजे तुम्हालाही बाहेर येता येत नाही?"

"सध्या नाही."

मोरियामा-साननी फाइलीत काहीतरी लिहिलं. मग त्यांची नजर गुच्छावर गेली आणि हातातलं पेन थांबलं. "टिपणीस-सान," त्या हळू, पण अशा आवाजात म्हणाल्या की चंद्रहासरावांचं हसू मावळलं, "ती फुलं खाली ठेवू नका. जराही हलू नका. लिलीचा नुसता पराग अंगावर पडला आणि मांजरीनं तो चाटला, तरी तिची किडनी जाते. वाचत नाही ती."

चंद्रहासरावांनी खाली पाहिलं. कुडत्यावर छातीपासून पोटापर्यंत केशरी पराग सांडला होता.

गुच्छ कुंपणावरून पलीकडे गेला, दोन पिशव्यांत बांधला गेला. त्यामागून कुडताही गेला. नाड्या मोरियामा-साननी पर्समधल्या कात्रीनं कापल्या. मग त्या घरभर फिरल्या, आणि चंद्रहासराव पुन्हा बनियनवर त्यांच्या मागे मागे. उघड्या खिडक्या. जाळी नाही. ओट्यावर कांद्याची टरफलं. "कांदा म्हणजे मांजरीला विष," मोरियामा-सान म्हणाल्या. जुईच्या खोलीत धुराचा पडदा. "हे इथे कशाला?" त्यांनी विचारलं. चंद्रहासराव पुन्हा पेपरनं वारा घालू लागले.

सुलेखाबाई बाल्कनीत गेल्या होत्या. दांडीवरचा टॉवेल त्यांनी नाकाशी नेला. तो लव्हेंडरसारखा घमघमत होता.

"तिचा वास होता यात," त्या म्हणाल्या. "तिला आल्यावर परकं वाटू नये म्हणून दिला होता त्यांनी. पंधरा दिवस मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपायचे, सकाळी परत खोक्यात ठेवायचे, म्हणजे माझाही वास लागेल म्हणून." त्या रागावल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. टॉवेलची घडी केली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यांकडे बघून चंद्रहासरावांना कळलं, की त्या रडताहेत.

मोरियामा-साननी फाइल मिटली. "सुलेखा-सान, मला माफ करा. पण अशा घरात मी किनाकोला…"

"थांबा!" चंद्रहासराव जवळजवळ ओरडलेच. "हे घर तिनं असं ठेवलंच नव्हतं. मी मोडलं! तिनं सांगितलं होतं कशाला हात लावू नका, मी सगळ्याला लावला. शिक्षा करायची तर मला करा, तिला नको. ती अजून तीन माणसांचं जेवण करते हो!" शेवटचं वाक्य मोरियामा-सानना कळलं नसावं, पण सुलेखाबाई वळल्या.

"का केलंत असं?" मोरियामा-साननी विचारलं.

"आमच्याकडे घर बघायला कोणी येणार असलं, की ते छान करून दाखवतात."

"पण पाहुण्यांनी कुठे बसायचं ते बघायला मी आले नव्हते. मांजरीनं कुठे झोपायचं, ते बघायचं होतं. तेच तुम्ही लपवलंत."

चंद्रहासराव निमूटपणे कपाटामागे गेले, सपाट केलेलं खोकं बाहेर ओढलं, सुतळी सोडली आणि ते पुन्हा उभं केलं. जरा लंगडं उभं राहिलं. मोरियामा-साननी चष्मा लावला. खोक्याच्या कापलेल्या दाराची खालची कड त्यांनी बोटानं चाचपली, मग टेप काढून तिची जमिनीपासूनची उंची मोजली.

"आमच्या नियमांच्या यादीत दहा सेंटीमीटर लिहिलंय. हे सहाच आहे."

"हो," सुलेखाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "किनाको वर चढताना मागचा डावा पाय जरा उशिरा उचलते. मी निवाऱ्यात बघितलं होतं. दहा तिला जड जाईल असं वाटलं."

मोरियामा-साननी टेप गुंडाळली. मग कुंपणाकडे गेल्या. तारेच्या प्रत्येक टोकाला मऊ कापड गुंडाळून शिवलेलं होतं. चंद्रहासरावांनी पट्ट्या कापल्या, नाड्या बांधल्या, पण हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"त्या पायाचं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं," मोरियामा-सान म्हणाल्या, "दोन वर्षांनी." आणि त्या जमिनीवर बसल्या, फाइल परत उघडली. "सुलेखा-सान, शुक्रवारपर्यंत सगळं पुन्हा होतं तसं करा. मी नवा टॉवेल देते. शुक्रवारी बघीन, आणि ठीक असलं तर शनिवारी किनाकोला घेऊन येईन."

सुलेखाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. चंद्रहासरावांनी एका दमात तीन वेळा कमरेत वाकून नमस्कार केला. मग मोरियामा-सान पोहे खाऊन गेल्या, दोन बशा! खाऊन झाल्यावर हात मात्र कोपरापर्यंत धुतले.

जाण्याआधी त्यांनी फॉर्म भरला. सांभाळणारी व्यक्ती: सुलेखा टिपणीस. मग खालचा रकाना आला, "घरातील मांजरीस धोकादायक गोष्टी". त्यात त्यांनी सुबक अक्षरांत क्रमानं लिहिलं: एक, लिली. दोन, कांदा. तीन, धूर. मग जरा थांबून, चष्म्यावरून एकदा बनियनकडे बघून, चार: पती. त्यापुढे कंसात, "एकटा सोडू नये."

आणि 'वरील सर्व माहिती खरी आहे' या ओळीखाली कुटुंबप्रमुख म्हणून सहीऐवजी शिक्का चंद्रहासरावांनाच मारावा लागला!